'मन्ही माय' नको, 'माझी आई' म्हणा

जुन्या कॅसेटचा आंबूस वास आला की अजून माझं डोकं फिरतं. नव्वदच्या सुमारास सिल्वासात, माझ्या कॅसेटच्या दुकानामागे माझी बहीण पाठवणीचं अहिराणी गाणं रेकॉर्ड करत होती. निर्माते साहेब आधी नाटकात राजे, मग रेडिओवर बातम्या देणारे निवेदक. त्यांनी तिला थांबवलं. "ताई, 'मन्ही माय' नको, 'माझी आई' म्हणा. शुद्ध हवं."

"आई म्हनीसन रडू येस का, भाऊ?"

"अभिनय करा."

मी माइकची वायर उपटली. "साहेब, सौदा मोडला. सामान उचला!"

तेव्हा वाटलं, जिंकलो. पण बहिणीचा आवाज कॅसेटवर कधीच आला नाही. साहेबांनी तेच गाणं दुसऱ्या गायिकेकडून शुद्ध गाऊन घेतलं. पुढे जवळच्या मसाट गावच्या एका लग्नात ते लागलं. नवरी निघाली, तरी कोणी रडेना. शेवटी एका म्हातारीने विचारलं, "बातम्या सरन्यात का व?"