पेन्सिलीचा ठिपका

त्या गावात दोन दवाखाने होते आणि दोहोंमध्ये जेमतेम शंभर पावलांचे अंतर होते. एक सरकारी: फलक ठळक, कपाट रिकामे, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, तेही आले तर. दुसरा बंद सूतगिरणीच्या गोदामात, एका मदतसंस्थेने निर्वासितांसाठी उघडलेला. तिथे रोज डॉक्टर बसे, औषध हातात पडे, गरोदर बायकांची नियमित तपासणी होई. मात्र दारात निळे कार्ड दाखवावे लागे, आणि ते फक्त छावणीतल्या माणसांना मिळे. सीमेपलीकडून ही माणसे आली तेव्हा गावाने आपले पाणी, आपली शाळा आणि आपले सरपण त्यांच्याशी वाटून घेतले होते. गोदामाच्या दारात मात्र तेच गाव परके ठरले. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नव्हता. म्हणूनच त्याची तक्रार कुठे करावी हे कुणालाच कळत नव्हते.

नर्सबाई एकोणीस वर्षे सरकारी दवाखान्यात होत्या. संस्थेने त्यांना तिथून मागून घेतले. गावातली निम्मी पोरे त्यांच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे रांगेत दुसऱ्याचे कार्ड घेऊन कोण उभे आहे हे त्यांना लांबूनच दिसे. त्या काही बोलत नसत. पुढे पुढे तर त्या स्वतःच सोय लावून देऊ लागल्या. दम्याच्या गावकरी म्हाताऱ्याला छावणीतल्या दमेकरी म्हाताऱ्याचे कार्ड, मधुमेहाच्या बाईला तशाच बाईचे.

“बाई, तुम्ही लग्नं जुळवायचा धंदा काढायला हवा होता,” दारावरचा शिपाई म्हणायचा.

“लग्नं मोडतात रे बाबा. माझ्या जोड्या टिकतात.”

एका कार्डावर दोन माणसांच्या नोंदी होऊ लागल्या तेव्हा त्यांनी एक पद्धत बसवली. नोंद कार्डाच्या मालकाची नसेल तर त्या ओळीच्या आरंभी पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा. डॉक्टरांपुढे कार्ड धरताना त्या ठिपक्यांच्या ओळी बोटाने झाकत आणि उरलेल्या वाचून दाखवत. डॉक्टर वयस्क होते, थकलेले होते. बोटाखाली काय आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही. पद्धत चोख होती. फक्त ती एकाच माणसाच्या डोक्यात होती.

नर्सबाईंच्या भाचीचे दोन गर्भ गळले होते. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा त्या तिला घेऊन छावणीतल्या शिंपिणीकडे गेल्या. शिंपिणीलाही तेवढेच महिने झाले होते. तिला गावची भाषा फारशी येत नसे; सासू मात्र चार वर्षांत फडाफडा बोलायला शिकली होती.

“कार्ड न्या,” सासू म्हणाली, “पण पोर ज्याचं त्याने नीट ओळखून न्यायचं. नंतर बदलून मिळणार नाही.”

“काळजी नको, आजी. आमच्या घराण्याचं पोर नाकावरून कळतं. दारातून आधी नाक येतं, मागून माणूस.”

“मावशी!” भाचीने पदर नाकावर ओढला.

शिंपिणीने सासूकडून अर्थ समजून घेतला आणि सगळ्यांचे हसून संपल्यावर ती एकटीच पुन्हा हसली. पुढच्या भेटीत तिने एकाच कापडातून बेतलेली दोन झबली दाखवली. एक भाचीच्या हातात ठेवले.

सातव्या महिन्यात शिंपिणीचा रक्तदाब चढू लागला. नर्सबाईंनी मीठ कमी करायला सांगितले, पंधरा दिवसांनी बोलावले. त्यानंतरच्या दोन नोंदी भाचीच्या होत्या: एकशे बारा–सत्तर, एकशे दहा–सत्तर. दोन्हींपुढे ठिपका होता.

त्याच सुमारास वयस्क डॉक्टर रजेवर गेले, एक तरुण डॉक्टर आला, आणि नर्सबाईंना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जावे लागले. ठिपक्याचा अर्थ नव्या डॉक्टरला सांगायचा तर सगळेच सांगावे लागणार होते. दोन दिवसांचाच तर प्रश्न, असे त्यांनी स्वतःला समजावले आणि निघताना शिंपिणीला निरोप ठेवला: “मी आल्यावरच ये.”

पण डोके दुखणे निरोपासाठी थांबत नाही. शिंपीण दुसऱ्याच दिवशी रांगेत उभी राहिली. तरुण डॉक्टरने रक्तदाब मोजला: एकशे शेहेचाळीस–शहाण्णव. त्याने कार्ड पाहिले. चार दिवसांपूर्वी एकशे दहा, त्याआधी एकशे बारा; मध्यंतरी चढलेला दाब उतरलेला दिसत होता. बाई उन्हातून चालत आलेली, घाबरलेली, भाषा न कळणारी. बाहेर शंभर माणसे. त्याने विश्रांती लिहून दिली आणि आठ दिवसांनी यायला सांगितले. कार्ड खरे मानणारा कोणताही डॉक्टर बहुधा हेच करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरच ती गेली. मूलही गेले.

नर्सबाई दुपारी परतल्या तेव्हा तरुण डॉक्टर कार्ड पुढ्यात घेऊन बसला होता.

“बाई, मला समजत नाहीये. चार दिवसांत इतका फरक कसा पडेल? मी काहीतरी पाहिलंच नाही.”

त्याने पाहिले होते. ठिपकाही पाहिला असेल. कागदावर ठिपके असतातच. टेबलावर खोडरबर होते. गप्प राहिले तर हा मुलगा जन्मभर स्वतःवर संशय घेत राहील. बोलले तर गोदामाचे दार गावाला बंद होईल, आणि भाचीला आठवा लागला होता. नर्सबाई उठल्या आणि छावणीकडे चालू लागल्या.

सासू शिलाईयंत्रापाशी बसली होती. यंत्रावर एक बाही तशीच अडकलेली होती.

“डोकं दुखतंय म्हणत होती तीन दिवस,” सासू म्हणाली. “मी म्हटलं, नखरे करू नकोस, आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत? मीच उशीर केला, बाई. मीच.”

“आजी, चूक तुमची नाही.” आणि नर्सबाईंनी सगळे सांगितले. कार्ड, दोन नोंदी, ठिपके, प्रशिक्षण.

सासूने शांतपणे ऐकले. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, अशी नर्सबाईंची अपेक्षा होती, कदाचित इच्छाही. सासूने बराच वेळ बाहीवरून हात फिरवला.

“म्हणजे,” ती म्हणाली, “कार्ड मीच दिलं होतं.”

अपराध कबूल केला की दुसऱ्याचे ओझे उतरते, हा समज तेव्हा मोडला. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले होते, तेही त्याच बाईच्या.

संध्याकाळी नर्सबाईंनी तरुण डॉक्टरला सांगितले आणि पुढे संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीलाही. अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही स्वतःहून बोललात हे बरं केलंत,” आणि लिहून घेतले. अहवालात शिंपिणीवर एक ओळ होती, ओळखपत्रांच्या गैरवापरावर तीन पाने. महिन्याच्या आत कार्डांवर फोटो आले, दारावर शिपायाच्या जोडीला पहारेकरी आला. दम्याचा म्हातारा दारातून परत फिरला. छावणी म्हणू लागली, गावाने आमची बाई मारली. गाव म्हणू लागले, नर्सबाईंनी आमच्या तोंडचे औषध काढले. दोघांनीही विहिरीवरच्या वेळा वेगळ्या केल्या. सरकारी दवाखान्यात परतलेल्या नर्सबाईंशी त्यांच्या सख्ख्या बहिणीने बोलणे टाकले.

भाची मात्र आली. आईला न सांगता, नवव्या महिन्यातले पोट सांभाळत.

“डॉक्टर?”

“गुरुवारी. आले तर.”

“मग तूच बघ ना.”

नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, हळूहळू सोडली. पारा उतरत आला. कानात पहिला ठोका पडला, मग शेवटचा. त्यांनी पुन्हा हवा भरली. पुन्हा तेच.

“किती आहे, मावशी? चांगलं आहे ना?”

एकशे दहा–सत्तर. शिंपिणीच्या कार्डावर शेवटच्या ठिपक्यापुढे होता तोच आकडा. पट्टा दंडावर तसाच होता.

“मावशी, बोल ना.”