पिठाच्या हाताचा फोन

पुढे कधीतरी बाजारात येतील अशा वस्तूंचे लाकडी नमुने करणं हे सुतारकाकांचं कंपनीतलं काम. खिशात मावणारा फोन त्यांनी मोबाइल यायच्या कितीतरी आधीच सागवानात केला होता. प्रत्येक नमुना ते आधी घरी आणून काकूंच्या हातात ठेवत.

“अहो, हात पिठाचे आहेत,” काकू कुरकुरत.

“म्हणूनच दिला.” जिथं पीठ लागे, तिथं काका तासत.

“एवढासा फोन कोण घेणार?” साहेबांनी नाक मुरडलं आणि नमुना घरीच राहिला.

आता काकू नाहीत. परवा नातीने नवा फोन आणला.

“हा कुणाच्या हाताचा?”

“कुणाच्याही, आजोबा.”

काकांनी कपाटातला लाकडी फोन तिच्या हातात ठेवला. काकूंच्या अंगठ्यासाठी तासलेल्या खळगीत तिचा अंगठा नेमका बसला. काकांना वाटलं, आता ही कुरकुरणार.