मिस्सा नव्हे, सभा

दिल्लीतल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये काल एक बाई माइककडे जाताना चपला काढून गेली. झारखंडची, माझ्यासारखीच घरकाम करणारी. समोर दोन आमदार बसले होते. घरकामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्यानेच मिळावी, म्हणून फादरनी त्यांना बोलावलं होतं. "तुम्हीच बोला, बायांनो," फादर म्हणाले, "मी बोललो की त्याचं प्रवचन होतं."

माझं लक्ष मात्र त्या चपलांवरच. वसईत आमच्या केळीच्या वाड्यांवर इमारती उठू देणारा नियम सरकार आणणार होतं, तेव्हा तिथल्या फादरनीही अशीच सभा घेतली होती. आई लाल लुगडं सावरत बोलायला उठली, ती अनवाणीच, रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेत वाचायला जावं तशी. शेजारची मावशी खवचटपणे म्हणाली, "अगो, सभा आहे ही, मिस्सा नव्हे!" आई म्हणाली, "असू दे. खरं बोलायचंय, तर पायाला जमीन लागलेली बरी."

माझी शाळा सातवीतच सुटली. मी ज्या आजींना सांभाळते, त्यांची मुलगी रविवारी सकाळी मला दोन तास सोडते. तिचे उपकारच मानते मी. कायद्याची सुट्टी मागायला गेले आणि हे दोन तासही गेले तर?

"वसईच्या बाई, तुम्ही बोलता?" फादरनी विचारलं.

नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण पायाखाली फरशी एकदम गार लागली, आणि वळून पाहते तर माझ्या चपला मागे, खुर्चीखाली.