रोज उसवायचा पट्टा

त्याला सगळे धाकटा म्हणत. साठी उलटली, दाढा पडल्या, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटाच. घरात थोरला होता ना, त्याचा दादा! आणि दादा धडधाकट असेपर्यंत याला बढती मिळायची काही सोय नव्हती.

दोघा भावांचं दुकान शहराच्या वेशीजवळच्या एका रस्त्यावर होतं. आज तिथे काचेत मांडलेल्या पिशवीला किमतीची चिठ्ठीसुद्धा लावत नाहीत, किंमत विचारणं म्हणजे तिथे असभ्यपणा. पण हा रस्ता मुळात घोड्यांच्या जिवावर वाढलेला. वेशीतून आत आलं की पहिला रस्ता हाच, म्हणून खोगीर शिवणारे इथे बसले. लगाम, पट्टे, चाबूक, काय हवं ते इथे मिळायचं. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. खोगीरवाले रडत बसले नाहीत, प्रवासाच्या बॅगा शिवायला लागले. चामड्याचा आणि मेणाचा वास रस्त्याला असा चिकटलेला की आंधळ्यालाही पत्ता सांगावा लागू नये. मग आल्या स्वस्तातल्या प्लास्टिकच्या बॅगा, आणि सगळे जण माशा मारत बसले. नेमक्या त्या पडत्या काळात एक सुटाबुटातली कंपनी आली आणि एकेक दुकान घेत सुटली. पाठोपाठ रस्त्यातले शेकडो वर्षं झिजलेले दगड उपटले, आणि त्यांच्या जागी नवे कोरे दगड बसवले. तेही कसे, तर जुने दिसावेत म्हणून मुद्दाम घासून झिजवलेले. आता बोला!

सगळ्यांनी विकलं, दादा तेवढा अडून बसला. त्याचे हात थरथरायला लागले होते, सुई दिसेनाशी झाली होती, पण हट्ट मोठा. "बापाने मला इथे शिकवलं, मी तुला इथे शिकवलं. इथे काय अत्तरं विकू देऊ?" म्हणायचा. शेवटी धाकट्यानेच त्याला वळवलं. "दादा, जागा त्यांची होईल, पण काम आपलंच राहील. ते मला नोकरीवर ठेवतायत. मी तिथेच बसून हाताने शिवणार. तुझ्या गळ्याची शपथ!" तेव्हा धाकटा खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच सांगितलं होतं. दादाने सही केली आणि त्या रस्त्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पहिल्या दिवशी धाकट्याला दर्शनी काचेमागे एका उंच चौथऱ्यावर बसवलं. वर दिवा, अंगात नवा कोरा एप्रन, गुडघ्यांमध्ये चामडं धरायचा तोच जुना लाकडी चिमटा. त्याने मन लावून एक पट्टा शिवला, दादाने शिकवला तसा. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून आरपार. एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते. संध्याकाळी तो पट्टा त्याने मॅनेजरबाईंच्या हातात दिला.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "पण काका, मग उद्या काय शिवणार? उसवून ठेवा ना."

त्याला वाटलं, आपली चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. पिशव्या शिवून, गुंडाळून, खोक्यांत भरून कुठल्याशा कारखान्यातून येत. धाकट्याने फक्त शिवताना दिसायचं होतं. त्या संध्याकाळी त्याने आपल्या हाताने आपला टाका उसवला, आणि मग रोजच उसवत राहिला. भोकं फारच सैल झाली की नवा पट्टा मिळायचा.

धाकट्याचं लग्नाचं राहूनच गेलं होतं. घर दादा-वहिनीचं, त्यातच हा. जेवताना दादा रोज विचारायचा, "काय रे, आज काय शिवलंस?"

"प्रवासाची बॅग. दोन पट्ट्यांची."

"टाका?"

"तुझाच की."

दादा असा खूश व्हायचा की जणू बॅग त्यानेच शिवलीय. वहिनीला म्हणायचा, "ऐकलंस का? हाताला गुण आहे पोराच्या." आणि 'पोर' खाली बघत जेवत राहायचं. उद्या सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा. उद्या आला की जीभ रेटायची नाही. सांगणार तरी काय? तुला फसवून सही घेतली, आणि मी तिथे बाहुला होऊन बसतो?

एवढ्यावर निभावलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बाई गिऱ्हाइकांना घेऊन चौथऱ्यापाशी यायच्या आणि आवाज हळू करून सांगायच्या, "या घराण्यातले हे शेवटचे कारागीर. यांना शिकवणारे, यांच्या बरोबरीचे, आता कुणीच उरलेलं नाही." पहिल्यांदा धाकटा सांगायला गेला, अहो, माझा भाऊ आहे घरी, चांगला खडखडीत आहे. पण तेवढ्यात गिऱ्हाईकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी लगेच दोन पिशव्या बांधायला सांगितल्या. धाकट्याने मान हलवली. मग ती हलतच राहिली. दिवसा मान हलवून दादाला मारायचं, आणि संध्याकाळी त्याच्याच शेजारी ताट घेऊन बसायचं! स्वतःची एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

आणि एक दिवस दादा आला.

त्याच्या जुन्या बॅगेचा पट्टा तुटला होता. खरं तर संध्याकाळपर्यंत थांबला असता तर घरीच शिवून झाला असता. पण त्याला ते निमित्त हवं होतं. "धाकट्याचं काम तरी बघून येतो," असं वहिनीला सांगून निघाला. झिजलेल्या चपला, काखेत बॅग. दरवानाने अडवलं. "मला त्या शिवणाऱ्याकडे काम आहे," दादा म्हणाला. आत गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून बाईंनी येऊ दिलं.

बाईंचं नेहमीचं वाक्य नुकतंच सुरू झालं होतं. "...यांना शिकवणारे, यांच्या बरोबरीचे, आता कुणीच उरलेलं नाही." आणि सवयीने, निव्वळ सवयीने, धाकट्याची मान हलली. हलवताना त्याने वर पाहिलं, तर समोर दादा.

दादा दोन पावलं पुढे झाला, चिमट्यातल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, भोकांवर जरा थांबला. मग काखेतली बॅग काढून त्याने चौथऱ्यावर ठेवली.

"काका, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?" बाईंनी विचारलं.

गिऱ्हाईक बघत होतं. बाई बघत होत्या. हो म्हणायला असा किती वेळ लागतो? धाकट्याच्या तोंडातून निघालं, "नाही. असेल कुणी जुनं गिऱ्हाईक." मग दादाकडे न बघताच तो म्हणाला, "आजोबा, इथे दुरुस्ती होत नाही."

"बरं, साहेब," दादा म्हणाला. "चुकलो." बॅग उचलून, झिजलेल्या चपला त्या नव्या जुन्या दगडांवर घासत तो निघून गेला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. धाकट्याने ते त्या दिवशी मनापासून मागितलं. पण खाली चौथरा होता, आणि वर दिवा.

संध्याकाळी त्याने पट्टा उसवला नाही. तसाच टाकून घरी आला. दादा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवताना आज काही विचारलं नाही. बॅग खुंटीला होती, पट्ट्याला सुतळीची गाठ. वहिनी म्हणाली, "गेलेच नाहीत वाटतं तुमच्याकडे? मी किती विचारलं, बोलायलाच तयार नाहीत."

धाकट्याने बॅग उतरवली, भोकं पाडायची आरी काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि जमिनीवर बसून शिवायला घेतलं. डोळे भरून येत होते, टाका दिसत नव्हता. हातांना सवय होती म्हणून बरं.

"दादा, चुकलं माझं," तो म्हणाला.

मग भिंतीकडूनच दादा बोलला. "भोकं सैल झाली होती त्या पट्ट्याची. किती वेळा उसवलास?"

"रोज."

शिवून झालं तशी धाकट्याने बॅग दादापुढे धरली. दादा हळूहळू उठून बसला. थरथरता अंगठा टाक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, लहानपणी धाकट्याचं काम तपासताना न्यायचा तसा. पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पक्का होता.

मग त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला. "किती झाले, साहेब?"

वहिनीला वाटलं, भावाभावांची थट्टा चाललीय. ती खुदकन हसली. दादा मात्र खिशात हात घालून उत्तराची वाट बघत होता.