माळढोकाच्या अंड्याचा बंदोबस्त

निजामाच्या राजवटीत मी औरंगाबादेत कुरणांचा कारभार पाहणाऱ्या एका लहानशा दफ्तरात मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे साहेबाच्या डोक्यात जे येईल ते सुवाच्य उर्दूत कागदावर उतरवणारा माणूस. माझे अक्षर चांगले होते. बाकी माझ्यात चांगले काय होते, हे पुढे वाचून ठरवावे.

आमचे साहेब हैदराबादेहून बदलून आले होते. गवत त्यांनी आजवर घोड्याच्या तोंडातच पाहिले असावे. पण माणूस वाचणारा. समुद्रकाठच्या कुरणांतली पाखरे कशी राखावीत यावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होते आणि त्यावर त्यांची अशी श्रद्धा बसली होती की विचारू नका. समुद्र आमच्यापासून बैलगाडीने दहा-बारा दिवसांवर. ही अडचण दफ्तरात कुणी काढली नाही, मीही नाही. कुरण ते कुरण, असे आम्ही ठरवले आणि चहा मागवला.

चिकलठाण्याच्या पुढे, शेंद्र्याच्या बाजूला, आमचे एक मोठे कुरण होते. जवळच्या वाडीतल्या बायका पिढ्यानपिढ्या तिथले गवत कापत आणि डोक्यावरून भारे नेऊन शहरातल्या तबेल्यांना घालत. त्यांचा एक रिवाज होता. माळढोक हे चांगले कमरेएवढे उंच पाखरू, पण अंडे घालते एकच, तेही उघड्या जमिनीवर. कापताना कुणाला ते दिसले तर ती बाई दहा पावलांवर गवताच्या शेंड्यांची गाठ मारून निघून जाई. गाठ दिसली की मागून येणारी तेवढा तुकडा सोडून पुढे सरके. गाठ कुणी मारली हे कुणी विचारत नसे आणि मुख्य म्हणजे अंडे बघायला कुणी जात नसे. माळढोक आमच्या कुरणात टिकला होता तो एवढ्यावर. दफ्तराला त्याचा पत्ता नव्हता, हेही त्याचे नशीबच.

साहेबांना पुस्तकाबरहुकूम कुरण बंद करायचे होते. विळा नको, मेंढरू नको. वाडीवर हे कळले तेव्हा कापणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी, जिला सगळे मावशी म्हणत, दफ्तराच्या पायरीवर येऊन बसली. कापणी थांबली तर वाडीने खायचे काय, एवढेच तिला विचारायचे होते. या बायका पाखराला धक्का लावत नाहीत, असे मी साहेबांना सांगून पाहिले. साहेब म्हणाले, पुरावा दाखवा. कापत्या कुरणात अंडे निघाले तर कापणी चालू ठेवू. मी तसे मावशीला सांगितले. अंडे दाखवायचे नसते, असे ती म्हणाली.

"मावशी, मी आहे ना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने लांबूनच हात करून जागा दाखवली. मादी बसली होती, मान तेवढी गवताच्या वर. साहेबांनी दुर्बीण लावली आणि त्यांचे डोळे पाणावले. खोटे कशाला बोलू, त्यांचा आनंद खरा होता. पण सरकारी माणसाला आनंद झाला की तो लगेच हुकूम काढतो.

पुस्तकात लिहिले होते की घरट्याभोवतीचे गवत काढून चुना दिलेल्या दगडांचे कडे करावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडत नाही. वाळूवर शेकडो पाखरे दाटीने बसत असतील, कोळी जाळी घेऊन हिंडत असतील, तिथे हे ठीकच असेल. आमच्या माळावर पाय द्यायला येणार कोण होते? तरी दगड आले, चुना आला, लाल निशाण आले, पहाऱ्याला दोन शिपाई आले. एक विडी ओढी, दुसरा झोपे. कडे असे देखणे झाले की अर्ध्या कोसावरून दिसे. मादी पहिल्याच दिवशी उडाली आणि समोरच्या टेकाडावर दिवसभर उभी राहिली. शिपाई तेवढे हटवा, ती परत बसेल, असे मावशीने मला दोनदा सांगितले. मला ते पटले होते. पण माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, त्यामुळे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून अवाक्षर निघाले नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई भाकरी खात असताना कावळ्यांनी अंडे फोडले.

चौकशी झाली. चौकशीत साहेब चुकले असे निघणे शक्य नव्हते, आणि पुस्तक चुकले असे तर त्याहून नाही. उरल्या गवत कापणाऱ्या बायका. त्यांच्या बेफिकिरीने अंड्याचा नाश झाला, सबब कुरण कापणीस कायमचे बंद, असा हुकूम मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिला. एक खाडाखोड नाही.

हुकूम दवंडी पिटून गावोगाव वाचायचा आणि मुन्शीने तो मराठीत समजावून सांगायचा, अशी पद्धत होती. वाडीवर सगळी माणसे जमली. पुस्तकातले एक कलम साहेबांनी जसेच्या तसे ठेवले होते : भरतीच्या वेळी कुरणात कुणी जाऊ नये. एका म्हाताऱ्याने भरती म्हणजे काय ते विचारले. समुद्राचे पाणी चढते ती, मी सांगितले. लोक हसले. मीही हसून घेतले, तेवढेच बरे वाटले. मग पुढचे कलम वाचले, बायकांच्या बेफिकिरीचे.

मावशी पुढे आली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते. शिव्यांना सरकारी माणूस सरावलेला असतो.

"म्या साहेबाला नाय दाखवलं, मुन्शीजी," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडं बघून दाखवलं."

मला लाज वाटली. खरोखर वाटली. त्या लाजेने मी काय केले तेही सांगून टाकतो. कागदाची घडी घातली, दवंडीवाल्याला पुढे घातले आणि शेजारच्या गावात जाऊन तोच हुकूम पुन्हा वाचला, आधीपेक्षा जरा मोठ्या आवाजात.