वाद्यांनी अबोला धरला

चष्मेवाल्यांना जुनी हिंदी गाणी आवडत, असं म्हणणं म्हणजे टपालवाल्याला पत्ते ठाऊक असतात असं म्हणण्यासारखं आहे. खरं, पण अपुरं. गायलं कोणी, लिहिलं कोणी, पडद्यावर झाडामागे कोण लपलं होतं, यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा जीव अडकलेला असे ओळीच्या शेपटीत. गायकाची ओळ संपते, तो श्वास घेतो, आणि तेवढ्या फटीत मागून बासरी किंवा सात-आठ व्हायोलिनं पटकन काहीतरी बोलून जातात, ते त्यांना हवं असायचं. त्याला ते 'उत्तर' म्हणत. विचारणारे रगड भेटतात, उत्तर देणारा लागतो, असं ते गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट बसवता बसवता समजावून सांगत. नाकावर लोखंड आणि एका डोळ्यापुढे अंधार असल्यामुळे गिऱ्हाईक मुकाट्याने हो म्हणे.

खाली दुकान, वर घर. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली. वर स्वयंपाकघरातल्या फळीवर एकाच स्पीकरचा टेपरेकॉर्डर होता, तो चालू केला की आधी खोकायचा आणि मग गायचा. चष्मेवाले ताटावर बसून गायकाबरोबर ओळ म्हणत आणि बायको ओट्याकडे तोंड करून उत्तर देई. तिने जन्मात गाण्यातला एक शब्द उच्चारला नाही. व्हायोलिनं मात्र पाठ, बासरी पाठ, शेवटची झांजसुद्धा पाठ. झांज ती पातेल्याच्या झाकणावर वाजवी. नवऱ्याकडे शब्द होते आणि सूर नव्हता, बायकोकडे सूर होता आणि शब्द नव्हते, अशा वाटणीवर तो संसार पस्तीस वर्षं चालला. भांडण झालं की चष्मेवाले टेप बंद करून एखादी ओळ मोठ्याने म्हणत आणि थांबत. ओट्याकडून उत्तर आलं तर तह झाला. नाही आलं तर दुपारचा चहा ज्याचा त्याने करायचा.

ती गेली त्याला आठ महिने झाले. आठव्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. डबा लावला होता, तो ते संपवत. पण आज डब्यात काय होतं असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते रडले नाहीत, आणि रडू येत नाही याचं वाईटही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं जे होतं तेच साऱ्या माणसाचं झालं होतं. गाल जागेवर असतो, हाताला लागतो, फक्त आपला वाटत नाही.

जावई मोठा उत्साही गडी. सासऱ्यांना दुःखातून बाहेर काढायचं कंत्राट त्याने कोणी न देताच घेतलं. डोक्यावर बसवायचे गुबगुबीत हेडफोन आणले, फोनमध्ये अडीच हजार जुनी गाणी भरून दिली, तीही खरखर काढून नव्याने उजळवलेली, आणि टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकून तो आपल्या गावी गेला.

चष्मेवाल्यांनी पहिलं गाणं लावलं. गायक आला, ओळ म्हणाला, थांबला. मागून कोणी काही बोललं नाही. तो पुढची ओळ म्हणाला, पुन्हा थांबला. बंद खिडकीसमोर अर्ज घेऊन उभं राहावं तसा बिचारा थांबत थांबत गाणं संपवून गेला. दुसऱ्या गाण्यात तेच, दहाव्यातही तेच.

तुम्ही आम्ही यंत्राला दोन शिव्या घातल्या असत्या, जावयाला चार. चष्मेवाल्यांना नवल वाटलं नाही. उत्तर देणारी गेली, मग उत्तर कुठून येणार, इतका साधा हिशेब त्यांनी केला आणि तो त्यांना पटला. कोणाला सांगावं असंही त्यात काही दिसेना. मात्र रोज दुपारी दोन तास ते हेडफोन लावून बसत. एखाद्या दिवशी उत्तर येईल, आणि आलं की आपलंही काहीतरी हलेल, एवढीच एक आशा उरली होती. ती त्यांनी सोडली नव्हती, आणि तिच्यावर विश्वासही नव्हता.

मग लेक चार दिवसांसाठी आली. हाक मारली तर बाबा कधी ओ देत, कधी देत नसत. तिने ते दुःखाच्या खात्यावर टाकलं. तिसऱ्या दुपारी ती शेजारी येऊन बसली आणि गाणी कशी वाटतात म्हणून विचारलं. बाहेर ऊन आहे असं सांगावं तशा आवाजात चष्मेवाले म्हणाले, "वाद्यं येत नाहीत हल्ली. तुझी आई गेल्यापासून."

लेकीने हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. व्हायोलिनं व्यवस्थित वाजत होती. आता तिला बाबांचीच काळजी वाटली. घाईघाईने तिने ते परत त्यांच्या डोक्यावर बसवले, आणि घाईत उलटे बसवले.

"आता वाद्यं आली," चष्मेवाले म्हणाले. "गाणारा गेला."

लेक शेवटी त्याच दुकानात भिंगांच्या पेट्यांवर वही ठेवून शिकलेली. तिने हेडफोन काढले, बाबांच्या उजव्या कानावर तळहात दाबला आणि डाव्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांना नुसते ओठ हलताना दिसले. मग तिने डावा कान झाकला.

"आता बरं की आधी बरं?"

हे वाक्य चष्मेवाले दिवसातून पन्नास वेळा लोकांना विचारत. त्यांना ते कोणी आजवर विचारलं नव्हतं.

"आता," ते म्हणाले.

उलगडा सोपा होता. गाणी उजळवणाऱ्या कोणा शहाण्याने गायकाला एका कानात बसवलं होतं आणि सगळ्या वाद्यांना दुसऱ्या. आणि काचा घासायचं यंत्र तीस वर्षं चष्मेवाल्यांच्या डाव्या हाताला घरघरत होतं. त्या बाजूचा कान राजीनामा न देता कधीच निघून गेला होता. एक डोळा झाकून दुसरा तपासल्याशिवाय ज्यांनी कोणाला दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही, त्यांनी स्वतःचा एक कान कधी झाकून पाहिला नव्हता. लेक हसली, हसता हसता तिने डोळे पुसले. हसायची जागा आहे हे ओळखून चष्मेवालेही हसले.

मग तिच्या अंगात जावई संचारला. स्टूल घेतलं, टेपरेकॉर्डर माळ्यावरून उतरवला, दुकानातल्या मऊ फडक्याने पुसला, फळीवर ठेवला आणि बाबांना त्याच्याकडे उजवा कान करून बसवलं. एकच स्पीकर, सगळ्यांना एकच दार. टेप खोकला. गायक आला, ओळ म्हणाला, थांबला, आणि मागून सगळी व्हायोलिनं एकदम बोलली. लेक उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. गाणं संपलं.

"आलं?"

"सगळं आलं. बासरीसुद्धा."

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि नवऱ्याला कळवायला फोन उचलला. चष्मेवाल्यांना ते बघवेना. अक्षर पुसट दिसत असताना स्पष्ट आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी नेहमी पुन्हा खुर्चीत बसवलं होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "ऐकू आलं गं. पण मला काही झालं नाही. इतके दिवस वाटायचं, वाद्यं नाहीत म्हणून. आता ती आहेत, आणि मी आहे तसाच आहे."

लेकीने फोन पालथा ठेवला. टेपवर पुढचं गाणं सुरू झालं.

"मलाही काही होत नाही बाबा," मग ती म्हणाली. "ऑफिसात जाते, हसते, घरी येते, झोपते. ह्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला निदान गाणी तरी आहेत."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आठ महिन्यांत ती वाळली होती, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. जेवलीस का, असं त्यांनी विचारलं. आपण आत्ताच तर जेवलो, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. दोघं टेपकडे बघत बसले. गायक विचारत राहिला, वाद्यं उत्तर देत राहिली, आणि त्या प्रश्नोत्तरांत बापलेक कुठेच नव्हते.

खट्‌कन बटण वर आलं. कॅसेटची बाजू संपली होती. चार वाजायला अजून वेळ होता. लेक उठली, कॅसेट काढली, उलटी करून आत घातली आणि परत येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली.