एक डिस्क, दोन आठवणी

संगणकाच्या दुकानात डिस्क दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळा बाजार वहिनीच म्हणतो, कारण त्यांचा दीर दिवसभर त्याच नावाने हाका मारत असतो. दीर कामाला वाघ, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वहिनींचं डोकं मात्र बर्फासारखं थंड. या दोघांचं पटतं कसं, देव जाणे! पण बारा वर्षं झकास पटलंय.

त्या दुपारी प्रसूतिगृहातल्या नर्सबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्या हातांवर जन्मलेल्या बाळांचे तीस वर्षांचे फोटो एका डिस्कवर होते आणि ती बिघडली होती. पाच वाजता त्यांचा निरोपसमारंभ. सगळी बाळं पडद्यावर दाखवायची होती. वहिनींनी तीन दिवस खपून डिस्कचा फोटोंचा भाग, म्हणजे पार्टिशन, नीट केला होता.

खात्री करायला दिराने अख्खी डिस्क उघडून पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी, सगळं होतं तसंच बिघडलेलं दिसतंय. पुसतो आणि पहिल्यापासून करतो."

नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"हात तर लावून बघ," वहिनी म्हणाल्या. "दुरुस्तीच्या आधी अख्खी डिस्क वाचली होतीस ना?"

"हो, याच मशीनवर."

"मग ते जुनंच वाचलेलं दाखवतंय तुला."

मशीन एकदा वाचलेलं आठवणीत ठेवतं, सारखं डिस्ककडे धावायला नको म्हणून. पण अख्ख्या डिस्कची आठवण वेगळी, पार्टिशनची वेगळी. एकाच स्वयंपाकघरातल्या दोन जावा जणू: एकीने भाजीत मीठ घातलं, दुसरीला पत्ताच नाही. वहिनींची दुरुस्ती पार्टिशनच्या आठवणीतून झाली होती, दीर बघत होता दुसरीकडे. त्याने पुसलं असतं तर तीन दिवसांचं काम मातीमोल झालं असतं.

वहिनींनी पार्टिशनमधलं सगळं डिस्कवर उतरवून घेतलं, मशीनला जुनी आठवण विसरायला लावली आणि म्हणाल्या, "आता वाच."

दिराने वाचलं. त्याने पडदा नर्सबाईंकडे वळवला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पडद्यावर एक लालबुंद, चिडलेलं बाळ होतं.

"ही रडतच नव्हती हो," नर्सबाई म्हणाल्या. "पाठ चोळून चोळून माझे हात दुखले, तेव्हा कुठे टाहो फोडला बयेने."

एवढं बोलून त्या स्वतःच हसत हसत रडायला लागल्या.